कोरड्या हाताचा मोरावळा

आक्का,

आधी माफी मागते. अक्षर वाईट आहे, ऱ्हस्वदीर्घ चुकणार, आणि जोडाक्षर जिथं अडेल तिथं ते मोडून लिहीन. माहेरी, नांद्याच्या शाळेत चौथीपर्यंत शिकले, त्यानंतर पेन हातात धरलं ते फक्त माहेरी कार्ड टाकायला. तुला तर अक्षरओळखच नव्हती. तू असतीस तर हा कागद उलटा धरून म्हणाली असतीस, "लई देखणं लिवलंयस गं नांदेकरणी." म्हणजे चुका काढणारं कुणी नाही. तरी मागायची रीत म्हणून मागितली. यापुढं या कागदात मी कशाचीही माफी मागणार नाही.

चारचौघांत मी तुला 'तुमी' म्हणत होते. थोरली जाऊ तू, मान राखायला हवा. गोठ्यात, रानात, पाणवठ्यावर मात्र 'तू'. आज घरात कुणी नाही, सगळे भाताच्या बेणणीला, तण काढायला गेलेत, आणि तू तर कुठंच नाहीस. तेव्हा 'तू'च म्हणते.

तुला शेवटची आंघोळ घातली तेव्हा मी तुझं डोकं धरलं होतं. सवाष्ण गेलीस, म्हणून वाडीतल्या बाया हिरवं लुगडं, हळदकुंकू घेऊन आल्या. सासू म्हणून आत्याबाईंनी तुझे केस मागं सारले आणि त्यांचा हात थांबला. तुझ्या कानाच्या वरच्या भोकात काडी होती. कडुलिंबाची, बारीक, भोक बुजू नये म्हणून घातलेली.

"हिची बुगडी कुटं गेली?" आत्याबाई म्हणाल्या.

मग त्यांनीच उत्तर दिलं. "भावाला दिली आसंल. माहेराकडं लई वढा हुता हिचा. हितलं खाऊन तितं पाठवायचं."

दहाबारा बाया होत्या. सगळ्यांनी ऐकलं, आणि दोघींनी माना हलवल्या. तुझं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि मला ठाऊक होतं बुगडी कुठं आहे. माझ्या तोंडातून शब्द निघाला नाही. तुला माहीतच आहे मी कशी आहे ती. परक्या बाईनं नाव विचारलं तरी मी पदर दातात धरते. मी ती काडी तेवढी काढली नाही. एक बाई काढायला आली तर तिचा हात बाजूला केला. तेवढंच केलं. तू चोरटी ठरून गेलीस, स्वतःच्या आईनं दिलेल्या बुगडीची चोरटी, आणि मी बसून राहिले.

दहाव्याला पुरुष धरणाच्या पाण्याकडं गेले. हे परत आले ते म्हणाले, "पिंड ठेवला न्हाई तवर कावळा शिवला." आत्याबाईंनी हात जोडले. "सुखानं गेली. कसली विच्छा म्हनून राहिली न्हाई तिची."

कसली इच्छा राहिली नाही! आक्का, तू आणि इच्छा नाही! तुला पुण्याला जाऊन सर्कस बघायची होती. तुला वरच्या पाड्यावरच्या धनगरणीसारखी चांदीची साखळी हवी होती. तुला आत्याबाईंच्या आधी एकदा, फक्त एकदा, गरम भाकरी खायची होती. आणि तुझी बुगडी पौडला एका दुकानदाराच्या पेटीत होती. तो कावळा भुकेला असणार. पावसाचे दिवस, त्याला तरी कुठं काय मिळतंय. त्यानं भात खाल्ला म्हणून तुझं सगळं मिटलं, हे मी मानत नाही.

आणि बुगडी गेली माझ्यामुळं. तसं तू कधी म्हणाली नाहीस. म्हणून मी म्हणते.

मोरावळा मला ठाऊक होता तो नांद्याच्या मास्तरीणबाईंमुळं. त्यांच्याकडं मी लहानपणी दळण न्यायची, त्या तळहातावर एक आवळा ठेवायच्या, पाकानं निथळणारा. इथं आवळे पोत्यानं गळून पडतात आणि आपण ते मिठात घालतो, नाहीतर उन्हात वाळवून सुपारी करतो. फार तर गुळात. साखरेत कुणी घालत नाही, कारण साखर कंट्रोलची, पाहुण्याच्या चहाला पुरली तरी पुष्कळ. मी तुला एकदा डोंगर उतरताना बोलून गेले, "साखरंत घातलं तर बाजारात इकलं जाईल. पिरंगुटाला गाडीची वाट बघत शहरातली मानसं उभी आस्त्यात." मी आपली मनातलं बोलले. तू मोळी खाली टाकलीस.

"किती साखर लागंल?"

"आवळ्याच्या भारोभार. जरा जास्तीच."

"आगं बया. म्हंजे येक बुगडी."

मला वाटलं तू थट्टा करतेस. पुढच्या बाजारी तू मला पौडला नेलंस, दुकानाच्या मागच्या दारानं. शेटजी बुगडी तळहातावर उडवून बघत होते. "मोरावळ्यावर बुगडी सुटत न्हाई बाई," म्हणाले. "लगीन, आजारपन, बैल, ह्यापायी बायका दागिना ठिवत्यात. आवळ्यापायी ठिवलेला पयल्यांदा बघतोय." तू म्हणालीस, "बघून ठिवा मग नीट. इसरू नगा." घरी आत्याबाईंना सांगितलंस, कान चिघळला, काढून ठेवलीय. पदर असतो डोक्यावर, कोण बघतंय.

ती पहिली बरणी घातली तो दिवस मला आठवतो. आवळे तू वरच्या रानातून आणलेले, एकालाही ओरखडा नाही. दाभणानं टोचून टोचून आपली बोटं काळी पडली. वाफवले, पुसले, पाक केला. दोन बोटांत पाक धरून मी तुला दोन तारा दाखवल्या आणि तू बोट चाटून म्हणालीस, "ह्या तारंवर मी पौडापतुर चालत जाईन." ते हसणं अजून माजघरात आहे. तिथं मोठी चिनी मातीची बरणी फळीवर ठेवली, वर धुतलेलं फडकं बांधलं. मी तुला सांगितलं होतं, आक्का, हे संपलं नाही. आवळा पाण्याचा असतो. तीनचार दिवसांत तो आपलं पाणी पाकात सोडतो, पाक पातळ होतो. तेव्हा पाक निथळून घ्यायचा, पुन्हा उकळून दाट करायचा, पुन्हा आवळ्यांवर घालायचा. ते केलं की मग वर्षभर बघायला नको.

आणि तिसऱ्या दिवशी आपण दोघी बाजूला बसलो. एकदमच. तू गोठ्यात गोणपाट झटकत म्हणालीस, "देवाला ठावं हाय ना, येकटीला धाडलं तर ही नांदेकरीण बोलायची कुनासंगं." आपलं बाजूला बसणं ते कसलं. शेण काढायचं, धुणं धुवायचं, भात झोडायला जायचं, ओझी वाहायची. त्याला विटाळ नाही. चुलीला, देवाला, पाण्याच्या हंड्याला आणि लोणच्याच्या बरणीला हात लावायचा नाही, एवढंच. दिवसभर राबायचं आणि आपलंच पाणी दुसरीनं वरून ओतायचं.

मी त्या दिवशी सकाळी आत्याबाईंना उंबऱ्याबाहेरून हाक मारली. माझ्या हिशोबी ते मोठं धाडस होतं. "आत्याबाई, तेवढा बरणीतला पाक काढून उकळाय पायजे. मी हितनं सांगते, तुमी करा."

"बाहेरच्या बाईनं बरणीचं नाव घ्यायचं न्हाई," त्या म्हणाल्या. "नावानं सुदिक नासतं."

मी गप्प बसले. मी नेहमी गप्प बसते. चौथ्या दिवशी न्हाऊन दोघी आत गेलो तर फडकं फुगून वर आलं होतं. खाली फेस, ताडीसारखा वास. तू बरणीत बोट घातलंस, चाटलंस. आत्याबाईंनीच बोलून घेतलं. साखर नासवली, रांडांनी नजर लावली, अमकं तमकं. बरणी तू उकिरड्यावर नेऊन उपडी केलीस. तुझी बुगडी त्या शेणात मुंगळे खात होते.

तिथून आपलं भांडण सुरू झालं, आणि ते तुझ्या शेवटच्या दिवसापर्यंत मिटलं नाही.

तू चूक स्वतःवर घेतलीस. त्या दिवसांत तू दारातून डोकावून बरणीकडं बघितलं होतंस. "माझी सावली पडली गं तिच्यावर. म्या सोता बघितली." मी म्हणाले, आक्का, सावलीनं नाही नासलं. हात लावला म्हणून नाही नासलं, हात लावला *नाही* म्हणून नासलं. एक दिवस, एक उकळी, एवढं केलं असतं तर सोन्यासारखं राहिलं असतं. तू मान हलवायचीस. "साळा शिकलीस म्हनून काय आमच्या आयाआज्या खुळ्या हुत्या?" मी म्हणाले, "त्यांनी मीठ घालून लोणची केली. मिठाला पुन्हा उकळाय लागत न्हाई. तेंचं बाजूला बसून भागलं. साखरंचं भागत न्हाई." तू म्हणालीस, "लई बोलाय लागलीस. मानसात बोल की येवढं."

तो टोमणा मला लागला होता. अजून लागलेला आहे.

एक गोष्ट मी तुला कधीच समजावू शकले नाही. तू फॉरेस्टच्या गार्डाशी भांडलीस. त्यानं कोयती हिसकावली तर तू त्याची टोपी काढून घेतलीस आणि कोयती मिळाल्यावर परत दिलीस. नवऱ्याला दारू पिऊन आला म्हणून ओसरीवर निजवलंस. आणि एका म्हातारीच्या बोलण्यानं तू तुझ्याच सावलीला भ्यालीस.

मग मी ठरवलं. मागच्या साली मी चहा गुळाचा केला. ह्यांना सांगितलं, साखरेनं डोकं धरतं. कार्डावरची साखर मिळेल तशी डब्यात साठवली. आवळ्यांचे दिवस आले तशी तुला म्हणाले, आवळे आण. तू आणलेस, गोणीभर, पण ओसरीवर टाकून हात झटकलेस. "आवळं माझं, पाप तुझं."

मी आवळे मुद्दाम त्या बेतानं घातले की उकळायचा दिवस माझ्या बाजूला बसायच्या दिवसांत यावा. हे कुणाला सांगितलं नव्हतं, तुलाही नाही. आज कागदावर लिहिते. चुकून झालं नाही ते. मी ठरवून केलं. भात खळ्यावर आलं होतं, सगळे तिकडं, मला पाठ धरली म्हणून घरी ठेवलेलं. भर दुपार होती. मी हात उन्हात वाळवले, फडक्यानं कोरडे केले आणि माजघरात गेले. बरणी उतरवली, पाक परातीत निथळून घेतला, गोठ्याच्या मागं तीन दगड मांडून पातेलं चढवलं. पाकाला बुडबुडे आले तेवढ्यात तू पाणी न्यायला खळ्यावरून आलीस. आणि गोठ्याच्या कोपऱ्यावर तशीच उभी राहिलीस, घागर कमरेवर.

"काय करतीयास गं?"

"दिसतंय की."

"आज तू... आगं, तू बाजूला हायेस!"

"व्हय."

"देव बघतोय."

"बघू दे. पाक दोनतारी झाला का त्येबी बघू दे."

तू जवळ आली नाहीस. पळूनही गेली नाहीस. मी पाक ओतला, बरणीचा काठ कोरड्या फडक्यानं पुसला, तोंड बांधलं. तू तिथूनच म्हणालीस, "महिन्यात नासंल." मी म्हणाले, "वर्षभर ऱ्हाईल. बोल, ऱ्हायला तर?" तू घागर सावरलीस. "ऱ्हायला तर आत्याबाईस्नी म्या सोता सांगीन. माझ्या तोंडानं सांगीन की आमी बाजूला बसून उकळला आन न्हाई नासला. जा."

तू शब्द दिला होतास, आक्का.

महिना गेला, दोन गेले. उन्हाळ्यात मी फडक्यावर हात ठेवून बघायची. फुगलं नव्हतं. उघडायचं नाही, वर्ष झाल्याशिवाय नाही, असं मीच ठरवलेलं. तू रोज विचारायचीस, "आला का फेस?" मी म्हणायची, "येईल की तुझ्या तोंडाला." तू मजुरीतून शेटजींना थोडं थोडं देत होतीस, पण ते व्याजातच जात होतं. एकदा त्यांनी सांगून ठेवलं, दिवाळीनंतर मोडीत घालीन. तू घरी येऊन मला सांगितलंस आणि लगेच म्हणालीस, "मोडू दे. कानाला हलकं वाटतंया." त्या रात्रीपासून कानात काडी घातलीस. भोक बुजू नये म्हणून. हलकं वाटत होतं तर काडी कशाला? तू माझ्याशी नीट खोटंही बोलायची नाहीस.

श्रावणात तुला ताप भरला. लावणीत भिजलीस, तिथून तो उतरलाच नाही. पौडच्या डॉक्टरची बाटली संपली, दुसरी आणली. तुझ्या तोंडाला चव नव्हती, पेज ओकून टाकायचीस. मी जवळ बसले की म्हणायचीस, "ती बरनी उघडली का गं?"

"न्हाई. वरीस कुटं झालंय."

तू हसायचीस आणि भिंतीकडं तोंड करायचीस. मला वाटायचं, अजून हरायला तयार नाही बया. आवळा मागितला असतास तर मी वर्षबिर्ष बघितलं नसतं. उघडली असती. तू मागितला नाहीस आणि मी मानानं उघडली नाही.

तेराव्याचं गोड जेवण झालं, पाहुणे गेले. दुसऱ्या दिवशी मी बरणी उतरवली. वर्षाची वाट कुणासाठी बघायची आता.

फडक्याची गाठ सोडायला गेले तर ती सुटेना. आक्का, मी साधी गाठ मारते. तुला ठाऊक आहे, तू नेहमी हसायचीस, "नांद्याची गाठ, शेळी बी सोडंल." ही गाठ साधी नव्हती. शेव आत खोवलेला, वर एक फास. मोळीची गाठ. या घरात ती गाठ एकच बाई मारायची.

शेवटी दाभणानं मी ती सोडवली.

आत मोरावळा मधासारखा होता. आवळे तांबूस, पाकात नितळ. फेस नाही, वास नाही. वरचे मात्र काढलेले. चारपाच बोटं पातळी खाली गेलेली. एकदा नाही, बऱ्याचदा खाल्लेला. आणि तरी नासलेला नाही. म्हणजे तू ओला हात घातला नाहीस. कोरडी पळी घेतलीस, काठ पुसलास, फडकं घट्ट बांधलंस. मी सांगितलेलं सगळं तू ऐकलं होतंस. मान हलवत, मला शिव्या देत, एकूण एक ऐकलं होतंस. ताप येण्याआधीच कधीतरी तू बघितलंस की मी खरं बोलत होते. आणि "ती बरनी उघडली का गं" म्हणून मला विचारत राहिलीस.

मग मी रडले. तोपर्यंत मला नीट रडू आलं नव्हतं.

पण रडून झाल्यावर मला तुझा राग आला, तोही लिहिते. तू शब्द दिला होतास. नासला नाही तर आत्याबाईंना सांगीन म्हणालीस. नासला नव्हता. तू खाल्लास, बोटं चाटलीस आणि सांगितलं नाहीस. लोक म्हणतील, ती धाकटीला धीट करायला गप्प राहिली असेल. मी तसं म्हणणार नाही. तू भ्यालीस. भित्री मी नव्हते दोघींत, निदान त्या एका बाबतीत नव्हते. तुला एवढा गोड आवळा आवडला, आणि तो कसा झाला हे म्हणायची तुझी छाती झाली नाही. हे मी तुझ्या तोंडावर म्हणाले असते. तेवढ्यासाठी तरी तू थांबायला हवं होतंस.

तुझं राहिलेलं मला करावं लागलं.

मी वाटीत दोन आवळे घातले आणि आत्याबाईंपुढं ठेवले. त्यांना दात नाहीत. आवळा तोंडात घोळवत बसल्या, डोळे मिटून.

"ह्यो कुटला?"

"आपलाच. मागच्या सालचा."

"ब्येस हाय. मागल्यावानी न्हाई नासला. नीट शिवताशिवत पाळली की ऱ्हातंय."

पदर दातात गेला होता, तो मी काढला. "आत्याबाई, ह्यो म्या बाजूला बसल्याल्या दिवसात उकळलाय. माजघरात जाऊन, बरणी उतरवून."

त्यांचा जबडा थांबला. बी एका गालात तसंच. "हात लावलास?"

"लावला. कोरडा लावला."

"आन थोरलीला ठावं हुतं?"

"तिनं खाल्लाय ह्यातला. तिला न्हाई काय झालं, ती तापानं गेली. आन तिची बुगडी भावाला दिली न्हाई. पयल्या बरणीची साखर आणली त्या बुगडीवर. ती बरणी नासली, तुमी बरणीचं नाव घिऊ दिलं न्हाई म्हनून. बुगडी पौडला गहाण हाय. तुमी बारा बायांत तिला चोर केलीत."

मी हे सगळं एका दमात बोलले. आत्याबाईंनी बी हातावर काढलं, उठल्या, बाहेर जाऊन चूळ भरली, डोक्यावरनं पाणी ओतून घेतलं आणि देवापुढं जाऊन बसल्या. मला वाटलं, आता मला घराबाहेर काढतात. ह्यांना बोलावतात. काही झालं नाही. दिवसभर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी शेजारची बाई पीठ मागायला आली आणि ओसरीवर बसून हळूच म्हणाली, "लागला का ठाव त्या बुगडीचा? भाऊ काय म्हनतोय तिचा?"

आत्याबाई सूप आपटून म्हणाल्या, "भावाचं काय काम त्यात? गहाण हाय. सुटंल. आमच्या घरच्या बाईचं आमी बघू."

तेवढंच. मला त्यांनी अजून जवळ घेतलेलं नाही आणि मीही गेलेली नाही. वाटी मात्र रिकामी झाली.

कुंभारणीकडनं बोळकी आणली. तिला मोल म्हणून ह्यातलेच आवळे दिले. बोळक्यात मोरावळा भरला, वर पळसाचं पान बांधलं आणि पौडच्या बाजारात जाऊन बसले. पहिल्या बाजारी एकही विकलं गेलं नाही. जाणार कसं, मी पाठमोरी बसले होते. लोक बघून पुढं जात. तू असताना तू ओरडायचीस, मी मापं भरायची. दुसऱ्या बाजारी सकाळ अशीच गेली. ऊन वर आलं. मला दिवाळी दिसायला लागली, शेटजींची मोडीची भट्टी दिसायला लागली. मी उठून उभी राहिले, डोळे मिटले आणि करवंदं विकताना तू जे ओरडायचीस तेच ओरडले: "घ्या गं बायांनू, ग्वाड लागलं तर पैसं, आंबाट लागलं तर शिव्या!"

आवाज चिरका निघाला. एक हसली. तिच्या हातावर मी एक आवळा ठेवला. तिनं चाखून दुसरीला बोलावलं. एकीनं विचारलं, "सोवळ्यातला हाय का?" मी म्हणाले, "न्हाई. कोरड्यातला हाय." तिनं घेतलं नाही. मागच्या दोघींनी घेतलं. त्यापुढच्या बाजारी बोळकी दुपारच्या आत संपली.

काल शेटजींकडं गेले. पुढच्या दारानं गेले, मागच्या नाही. पदराची गाठ सोडून चिल्लर फळीवर ओतली. त्यांनी मोजलं. बुगडी पेटीतून काढून कागदात गुंडाळायला लागले आणि म्हणाले, "व्याजाचं दोन रुपये ऱ्हात्यात. जाऊ द्या ते. गेलेल्या मानसाचं काय वसूल करायचं."

चांगल्या मनानं म्हणाले असतील. पण मला ते नको होतं, आक्का. अर्ध्या उपकारानं सुटलेली बुगडी तुला चालली नसती. तू ती फेकली असतीस त्यांच्या अंगावर.

"ऱ्हाऊ द्या तशीच पेटीत," मी म्हणाले आणि बाहेर गेले. घरासाठी एक बोळकं राखून ठेवलं होतं, पिशवीत तळाशी. एसटीच्या थांब्यावर उभं राहून ते विकलं. त्याचे दोन रुपये आले नाहीत, कमी आले. उरलेले गाडीच्या तिकिटाचे घातले. मग परत आत गेले आणि शेवटचं नाणं फळीवर ठेवलं.

"आता मोजा," मी म्हणाले. "मोरावळ्यावरच सुटली. नीट बघून ठिवा, इसरू नगा."

त्यांनी मोजलं. मान हलवली. बुगडी माझ्या हातावर आली, हात कोरडा होता. आणि मी पौडापासून घरापर्यंत चालत आले, कारण तिकिटाला पैसा राहिला नव्हता आणि कुणाचं एका पैशाचंही देणं राहिलं नव्हतं.